स्वच्छतेचा धंदा : काळ पाहावा कीं बळ पाहावें?

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गांवीं एक जुना वाडा आहे, खालीं शहाबादी फरशी आहे, माजघराच्या कोपऱ्यांत देवघर आहे, आणि रात्रीचीं जेवणें आटोपून घरचीं माणसें ओसरीवर जमलीं आहेत, असें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. हें घर कोणा एकाचें नव्हे. परंतु त्यांत चाललेलें बोलणें ज्याला अगदींच अनोळखी वाटेल, असें सुशिक्षित एकत्र कुटुंब आपल्याकडे विरळाच असेल. धाकट्या भावाचा मुलगा पुण्याची नोकरी सुटल्यामुळें सहा महिन्यांपूर्वीं घरीं परत आला आहे. त्याची पत्नी पदवीधर आहे. दोघांनीं मिळून मनाशीं असें घेतलें आहे कीं, गांवांत साफसफाईचा एक लहानसा धंदा काढावा. घरें, दवाखाने, बँकांच्या कचेऱ्या, मंगल कार्यालयें आणि पाण्याच्या टाक्या यांची सफाई दर ठरवून करून द्यावी.

“काका, लाखभर रुपयांत सुरुवात होईल. तुम्ही होय म्हणालांत, तर नवरात्राच्या आधीं काम सुरू करतों,” असें पुतण्या म्हणतो.

थोरले काका चष्मा पुसतात आणि सावकाश उत्तर देतात, “अरे, धंदा वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. पण काळ बरा नाहीं. पाऊसपाणी कसें होतें तें पाहूं, बाजार जरा स्थिरस्थावर होऊं दे. मग पुढल्या वर्षीं बघतां येईल.”

येथें बोलणें थांबतें. काकांचा शब्द मोडावयाचा नाहीं, म्हणून पुतण्या उठून जातो. आणि काकांनाहि रात्रीं झोंप लागत नाहीं, कारण पोरगा रिकामा बसला आहे हें त्यांनाहि दिसत असतें. ‘पुढल्या वर्षीं’ हें आपल्या घराघरांतील फार जुनें उत्तर आहे. तें शहाणपणाचें कीं भीतीचें, याचा निवाडा मात्र सहसा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम काकांच्या बाजूनें विचार करूं. ज्यानें या भागांत गेलीं तीस-पस्तीस वर्षें काढलीं आहेत, त्याला अनिश्चितता पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट होत असतां, शेजारच्या औसा तालुक्यांत किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, आणि हजारों माणसें झोंपेंतच दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला थेट मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें; पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आलें. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी झाली, आणि पुढल्याच महिन्यांत लातूर जिल्ह्यांतील पहिले रुग्ण निलंग्यांत आढळले. परराज्यांतून येऊन येथें थांबलेले ते आठ प्रवासी होते. इतकें सारें ज्यांनीं पाहिलें, त्यांनीं सावधपणा शिकावा, यांत नवल तें काय?

परंतु याच प्रसंगांकडे दुसऱ्या बाजूनेंहि पाहतां येतें. १९९२ सालीं किंवा २०१९ सालीं, ‘आतां काळ बरा आहे’ असें समजून ज्यानें दुकान मांडलें असेल, त्याचा तो बरा काळ वर्षभरांतच फिरला. उलट सांथीच्या दिवसांत घरोघरचीं कामें बंद पडलीं खरीं. पण दवाखाने, बँका आणि कचेऱ्या यांना निर्जंतुक करणारीं माणसें कधीं नव्हे तीं हवीं झालीं. म्हणजे, काळ बरा होता कीं वाईट होता, हें तो उलटून गेल्यावर समजतें. सुरुवात करतांना समजत नाहीं. मग जी गोष्ट आधीं समजणारच नाहीं, तिची वाट पाहून निर्णय लांबणीवर टाकणें याला सावधपणा म्हणतां येईल काय?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत जोखीम आणि अनिश्चितता यांत एक महत्त्वाचा भेद केला आहे. जिचा अंदाज आंकड्यांनीं मांडतां येतो ती जोखीम. जिचा मुळीं हिशेबच करतां येत नाहीं ती अनिश्चितता. आपल्या प्रश्नाला हा भेद लावून पाहावा. उन्हाळ्यांत पाणी कमी पडेल, गिऱ्हाइकाकडे उधारी थकेल, यंत्र बिघडेल, कामाला माणूस मिळणार नाहीं, या सर्व जोखमी आहेत. त्यांचा विचार आधीं करतां येतो व केला पाहिजे. भूकंप, सांथ किंवा एखाद्या सकाळीं अचानक आलेला सरकारी हुकूम यांचा विचार पुढल्या वर्षींहि आजच्या इतकाच अशक्य राहणार. तेथें उपाय एकच : घाला आलाच, तर त्याचा घाव किती खोल जाईल याची मर्यादा आपण आधीं ठरवून ठेवणें.

ज्यांनीं हें साधलें त्यांचीं दोन उदाहरणें येथें घेण्यासारखीं आहेत, आणि दोन्हीं स्वच्छतेच्याच धंद्यांतलीं आहेत. करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या भूशास्त्र व खनिकर्म खात्यांत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीस होते. १९६९ सालीं त्यांनीं घराच्या मागल्या जागेंत धुण्याची पूड तयार करण्यास आरंभ केला आणि सायकलीवर पुड्या लादून ते ती घरोघर विकूं लागले. किलोला तीन रुपये हा त्यांचा भाव. बड्या कंपनीची पूड त्याच्या कितीतरी पट महाग होती. पुढें ‘निरमा’ या नांवानें ती पूड देशभर गेली, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण आपल्याला उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच आहे. सुरुवातीचीं सुमारें तीन वर्षें त्यांनीं सरकारी नोकरी सोडली नव्हती. पूड खपली नसती, तरी घरची चूल विझली नसती.

दुसरें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलें. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे श्री. हणमंतराव गायकवाड हे अभियांत्रिकीचें शिक्षण घेऊन पुण्यास टेल्को कंपनींत नोकरीस होते. १९९७ सालीं त्याच कंपनीच्या, इंडिका मोटारीसाठीं उभारल्या जात असलेल्या, कारखान्याच्या सफाईचें काम त्यांनीं अवघीं आठ माणसें हातीं धरून घेतलें. त्याच वर्षीं थायलंडांतून निघालेलें आर्थिक संकट पूर्व आशियाभर पसरत होतें, हें लक्षांत घ्यावें. त्या आठ माणसांच्या कामांतून ‘भारत विकास ग्रुप’ ही हजारों कामगारांची संस्था उभी राहिली आणि दिल्लींतील संसद भवनाच्या सफाईचें कामहि पुढें तिच्याकडे आलें. येथें आणखी एक धडा आहे. ज्या कंपनीच्या कामावर ही सुरुवात झाली, तिलाच २०००-०१ या वर्षांत सुमारें पांचशें कोटी रुपयांचा तोटा सोसावा लागला. बडें गिऱ्हाईक म्हणजे कायमचें गिऱ्हाईक नव्हे. ज्याचा सारा धंदा एकाच दारावर उभा आहे, त्याला तें दार बंद होण्याचीहि तजवीज ठेवावी लागते.

या दोघांनीं ‘काळ कसा आहे?’ हा प्रश्न पहिला घेतला नाहीं. ‘पहिलें गिऱ्हाईक कोण, आणि तें पैसे देईल काय?’ हा प्रश्न त्यांनीं पहिला घेतला. आतां आपल्या ओसरीवर परत येऊं, आणि निलंग्याच्या हवापाण्यांत याच प्रश्नाचें उत्तर शोधूं.

आपल्याकडे नवरात्रापूर्वीं घरोघर ‘दसरा काढतात’. गाद्या-गोधड्या धुतात, माळ्यावरचीं भांडीं खालीं येतात, जाळ्याजळमटें निघतात. कामाची अशी मागणी वर्षांत दुसऱ्या वेळीं होत नाहीं. तेव्हां नवरात्राआधीं सुरुवात करावी, हा पुतण्याचा विचार चुकीचा नाहीं. पण याच सुमारास सोयाबीनची काढणी येते. शेतावर मजुरी चढते, आणि गांवांत कामाला माणूस मिळेनासा होतो. शिवाय गिऱ्हाइकाच्या घरीं दसरा आधीं येतो, आणि सोयाबीन विकून हातांत पैसा मागाहून येतो. म्हणजे मागणी आहे, माणूस नाहीं. काम आहे, रोकड नाहीं. असा हा महिना असतो. ज्याला हें आधीं ठाऊक आहे, तो त्या महिन्यांत आपल्या दोघांच्या हातांनीं उरकेल इतकेंच काम घेईल आणि उधारीची मुदत आधींच बोलून ठेवील. ज्याला ठाऊक नाहीं, तो पहिल्याच महिन्यांत पुष्कळ काम करून कंगाल होईल.

तशीच गोष्ट उन्हाळ्याची. चैत्र-वैशाखांत लग्नसराईमुळें मंगल कार्यालयांत काम असतें, पण पाण्याची ओढ असते. त्या दिवसांत फरश्या धुण्याचें काम आपण होऊन कमी करावें, धूळ ओढणारें यंत्र व ओलें फडकें यांवर भागवावें, आणि पाण्याच्या टाक्या साफ करण्याचें काम पुढें करावें. कारण टाकी तळाला गेलेली असते तेव्हांच ती धुण्यांत पाणी कमीत कमी वायां जातें. टंचाईचा महिना हा अशा रीतीनें निरुपयोगी राहत नाहीं. फक्त त्या महिन्याचें काम निराळें असतें.

धंद्याचें ज्ञानहि याच जोखमींत मोडतें. शहाबादी फरशी ही चुनखडीच्या जातीची असल्यामुळें तिच्यावर आम्ल घातलें, तर डागाबरोबर फरशीची चकाकीहि जाते. लिंबू आणि व्हिनेगर यांनींहि ती खाल्ली जाते. तिला साधा, सौम्य साबणच मानवतो. संडास धुण्याचें आम्ल आणि कपडे शुभ्र करणारें ब्लीच हीं एकत्र झालीं, तर क्लोरीन हा विषारी वायु निघतो आणि बंद न्हाणीघरांत तो जिवावर बेतूं शकतो. ही शेवटची सूचना धंदा न करणाऱ्या गृहिणींनींहि अवश्य ध्यानांत ठेवावी. अशा दहा-वीस गोष्टी कोणी आधीं शिकून घेतल्या, तर गिऱ्हाइकाची फरशी बिघडून नुकसानभरपाई देण्याची पाळी येत नाहीं.

आतां पैशाचा हिशेब. पुढील आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ज्यानें त्यानें आपल्या गांवचे भाव घालून ते पुन्हां मांडावे. यंत्र, शिडी, बादल्या, हातमोजे, औषधें मिळून ३५,००० रुपये धरूं. नवराबायकोचा स्वतःचा खर्च दरमहा १२,००० रुपये धरला, तर सहा महिन्यांचे ७२,००० होतात. एकूण १,०७,००० रुपये. सहा महिन्यांत एक पैसा मिळाला नाहीं, तरी घराचें याहून अधिक जावयाचें नाहीं. ही रक्कम गेली, तर वाडा राहतो काय, मुलांचें शिक्षण राहतें काय, आजींचें औषधपाणी राहतें काय, एवढाच प्रश्न काकांनीं स्वतःला विचारावा. राहत असेल, तर काळ बरा आहे. राहत नसेल, तर बाजारांत कितीहि तेजी असली, तरी काळ वाईटच आहे. वहिनींच्या बांगड्या मात्र या हिशेबांत धरूं नयेत. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ वर्गांत ५०,००० रुपयांपर्यंतचें कर्ज तारणावांचून मिळण्याची सोय २०१५ सालापासून आहे. ‘उद्यम’ नोंदणीस पैसे पडत नाहींत. आणि सेवेच्या धंद्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आंत असेल, तर सामान्यतः वस्तु व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाहीं.

यापुढचा प्रश्न पगारी माणसें कधीं ठेवावीं हा आहे, आणि आमच्या मतें ‘केव्हां सुरुवात करावी’ याहूनहि तो अधिक गंभीर आहे. रोजंदारीवर माणसें घ्यावीं, काम नसेल त्या दिवशीं घरीं पाठवावीं, हा पुष्कळांचा सोपा उपाय. पण याचा अर्थ असा कीं, आपल्या धंद्याची अनिश्चितता आपण आपल्या माथ्यावरून काढून आपल्याहून गरीब माणसाच्या माथ्यावर ठेवली. वाड्याला सहा महिन्यांचा आधार आहे. त्या माणसाला सहा दिवसांचाहि नसतो. म्हणून पहिले कांहीं महिने काम स्वतःच्या हातांनीं करावें, आणि दरमहा ठराविक पैसे देणारीं तीन गिऱ्हाइकें मिळालीं म्हणजेच एक माणूस कायम करावा. दोन कचेऱ्या व एक दवाखाना यांनीं प्रत्येकीं ६,००० दिले, तर १८,००० होतात. रोजीं ५०० प्रमाणें सव्वीस दिवसांचे १३,००० आणि साबण-औषधांचे ५,००० त्यांतून भागतात. सरकारनें ठरविलेल्या किमान वेतनाहून मजुरी कमी असूं नये, हें सांगावयास नकोच.

आतांपर्यंत आपण धंद्याविषयीं बोललों. पण खरें सांगावयाचें, तर काकांच्या ‘काळ बरा नाहीं’ या उत्तरांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती ओसरीवर कोणी उच्चारीत नाहीं. पुतण्यानें संगणकाचें दुकान काढतों असें म्हटलें असतें, तर काळ इतका वाईट ठरला असता काय? आपल्या घरांत सोंवळें आहे, स्नान झाल्याशिवाय कोणी स्वयंपाकघरांत पाऊल टाकीत नाहीं. स्वच्छतेला आपण धर्माच्या जागीं बसविलें, पण ती करणाऱ्याला मात्र पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभें केलें. ‘अमक्याचा नातू लोकांच्या घरीं झाडू मारतो,’ हें वाक्य काकांच्या कानांत आधींच वाजूं लागलें आहे. बाजाराची मंदी एखाद्या वर्षांत सरते. हें भय पुढल्या वर्षींहि जशाचें तसें राहील.

या भयाचें उत्तरहि आपल्याच माणसांनीं देऊन ठेवलेलें आहे. कोंकणांतील सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम आपल्याला करूं द्यावें अशी मागणी केली. ती नाकारण्यांत आली, तेव्हां त्यांनीं उपोषण आरंभिलें. आणि त्यांना पाठिंबा म्हणून त्या वर्षींच्या डिसेंबरांत गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत अन्न वर्ज्य केलें. एका विद्वान् ब्राह्मणानें ज्या कामाचा हक्क मिळावा म्हणून प्राण पणाला लावले, तें काम नव्वद वर्षांनंतर चोख मोबदला घेऊन केल्यास कुळाला कमीपणा येतो, असें म्हणणें आपल्याला शोभत नाहीं. पण याबरोबरच एक जबाबदारीहि येते. ज्यांच्यावर हें काम जन्मानें लादलें गेलें, त्यांच्या पोटावर पाय देऊन आपण नवे कंत्राटदार होऊं नये. त्यांना बरोबरीनें, योग्य मजुरीवर व योग्य साधनें देऊन सोबत घ्यावें. गटारांत किंवा मैल्याच्या टाकींत सुरक्षा-साधनांवांचून माणूस उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. तसलें काम कितीहि पैसे मिळत असले, तरी घ्यावयाचें नाहीं, हा नियम पहिल्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर असावा.

तर मग काकांनीं काय करावें? आमची सूचना अशी आहे. त्यांनीं ‘होय’ किंवा ‘नाहीं’ न म्हणतां कागद-पेन्सिल घ्यावी आणि तीन गोष्टी लिहाव्या. पहिली, अधिकांत अधिक किती पैसे जाऊं द्यावयाचे. दुसरी, पैसे मोजून काम सांगणारीं पहिलीं पांच घरें कोणतीं. ‘काम चांगलें आहे’ असें तोंडानें म्हणणारीं नव्हेत. तिसरी, सहा महिन्यांनीं कोणता आंकडा दिसला म्हणजे पुढें जावयाचें व कोणता दिसला म्हणजे कोणालाहि दोष न देतां थांबावयाचें. एकत्र कुटुंबाचें खरें बळ यांतच आहे. एकट्या माणसाला धंद्यांत ठेंच लागली, तर तो रस्त्यावर येतो. आपल्या घरांत त्याच्यासाठीं पान मांडलेलें असतें. इतका मोठा आधार ज्याच्या पाठीशीं आहे, त्या मुलानेंहि काळाला भ्यावें, तर मग धाडस करावें तरी कोणी?

आणि कागद लिहून झाल्यावर काकांनीं पुतण्याला व सूनबाईला बोलावून एवढेंच सांगावें : “पहिला दसरा आपल्याच वाड्याचा काढा. बाहेर जो दर लावाल तोच मला लावा. मी पैसे मोजून देतों.”

आंतून काकू कदाचित् म्हणतील कीं, चाळीस वर्षें हेंच काम मी केलें, तेव्हां कोणी पैसे मोजले नाहींत. तें त्यांचें म्हणणें खरेंच आहे. काकांनीं तेंहि त्याच कागदावर लिहून ठेवावें.